उलट्या कोटाचा हवालदार

बेंगळुरातल्या चामराजपेटेत कुणी नवा माणूस दिसला की रघुजी आधी त्याचं माप घेत. टेपची गरज नव्हती. डावा डोळा बारीक, मान अंमळ तिरकी, आणि ओठ घट्ट मिटलेले, कारण ओठांत चार टाचण्या. मग त्या टाचण्यांच्या फटीतून निकाल बाहेर पडे: "छाती छत्तीस, पोट चव्वेचाळीस, अक्कल सैल." पोस्टमनची अक्कल आखूड होती, कोपऱ्यावरच्या डॉक्टरची बगलेत उसवलेली, आणि समोरच्या हॉटेलवाल्याची तर मुळात बेतलेलीच नव्हती.

दुकानावर पाटी होती: 'रघुजी, मिलिटरी टेलर'. एकदा इंग्रजीत, एकदा कन्नडमध्ये. मिलिटरी मात्र केव्हाच निघून गेली होती. बावीस वर्षं रघुजींनी कॅन्टोन्मेंटात एका पलटणीच्या शिवणखात्यात काढली. मेजरांच्या खांद्यांत कापूस भरला, कर्नलांची पोटं कोटात लपवली, आणि निवृत्त होताना तिथून दोनच गोष्टी घरी आणल्या: एक विलायती कात्री आणि एक नाक वर करायची सवय. कात्रीची धार गेली. आता, म्हणजे एकोणीसशे सत्त्याण्णव साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांच्याकडे येत ते लग्नाचे बँडवाले, लॉजचे दरवान आणि शाळांचे ड्रिलमास्तर. बँडवाल्याच्या लाल कोटाला सोनेरी दोरी लावताना रघुजी असा चेहरा करत, की जणू मेलेला उंदीर शेपटीला धरून उचललाय.

"रघुजीअण्णा, हाताला स्वल्प सैल ठेवा हं. ट्रंपेट वर करायला लागतं."

"वाजवता येतं?"

"येतं की!"

"मग परवाच्या वरातीतला घोडा का पळाला?"

ह्या जिभेला उतारा घरात एकच होता, सुनंदाबाई. दुकानामागच्या खोलीत त्यांचं पायमशीन चाले आणि पेटेतल्या अर्ध्या बायकांची पोलकी त्यावरून उतरत. रघुजी बायकी शिवणाला शिवण मानत नसत. "पोलकं म्हणजे काय? दोन भोकं आणि एक गाठ." सुनंदाबाई पाय न थांबवता म्हणत, "आणि तुमचा कोट म्हणजे काय? दोन भोकं आणि बढाई."

बढाईला कारण होतं, आणि ते मागच्या भिंतीवर खुंटीला लटकत होतं. जुन्या धोतरात गुंडाळलेला एक कोट, बत्तीस वर्षांचा. तिसऱ्या क्रॉसमधला, म्हणजे तिसऱ्या गल्लीतला, हवालदार बसवंत पासष्टच्या उन्हाळ्यात रजेवर आला होता. पलटणीत मिळालेला कोट अंगावर पोत्यासारखा लोंबतो म्हणून परेडसाठी त्याने आपला वेगळा कोट शिवायला टाकला. "अण्णा, आत डाव्या बाजूला एक खिसा पाहिजे. चिठ्ठीपत्र ठेवायला." कोट ट्रायलपर्यंत आला आणि बसवंतला तार आली. पुढच्या रजेत ट्रायल घेऊ म्हणाला. पुढची रजा आली नाही. सप्टेंबरात त्याच्या घरी दुसरी तार आली.

तेव्हापासून कोट तसाच. अस्तर नाही, कच्चे टाके तसेच, आतून खडूच्या खुणा तशाच. आणि उलटा, म्हणजे आतली बाजू बाहेर. ही रघुजींच्या उस्तादाची शिकवण: गिऱ्हाइकाच्या अंगावर चढेपर्यंत कोटाचं तोंड कुणाला दाखवायचं नाही. धूळ खायची असेल तर आतल्याने खावी. पलटणीत सगळेच शिंपी कोट असा उलटा ठेवत. त्यामुळे रघुजींच्या हातून आयुष्यात जी एकच कॉलर मनासारखी बसली होती, ती रघुजींखेरीज कुणी पाहिली नव्हती. ते मात्र तिच्याबद्दल असं बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं, म्हैसूरच्या राजाने ती मागून नेली असेल.

जूनच्या सुरुवातीला शिंपी समाजाची कमिटी दुकानात आली. कमिटी म्हणजे अध्यक्ष सुधींद्र आणि चिटणीस प्रदीपकुमार. सुधींद्रचं तयार कपड्यांचं दोन मजली दुकान. रघुजींच्या लेखी हा माणूस म्हणजे शिंपीकुळात जन्मलेला खाटीक. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो 'अं?' करून भुवया उडवी, जणू आपणच बोललेलं त्याला नीट ऐकू आलेलं नाही. प्रदीपकुमार बँकेत कारकून. त्याचं काम अध्यक्षांच्या 'अं?'ला 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणणं.

"ॲक्च्युअली रघुजीअण्णा, इंडिपेंडन्सला फिफ्टी इयर्स झाली, अं? सगळ्या समाजांचे पुतळे आहेत. आपलाच एक हिरो नाही, अं?"

"आपला बसवंत आहे की," प्रदीपकुमार म्हणाला. "सरी, बसवंत आहे."

"बसवंत होता तेव्हा त्याला कुणी चहा पाजला नाही," रघुजी म्हणाले.

"म्हणून तर पुतळा, अं?"

पुढे जे कळलं ते असं. चौकातल्या छोट्या सर्कलमध्ये पुतळा उभा राहणार, पंधरा ऑगस्टनंतरच्या रविवारी अनावरण. ब्राँझ परवडत नाही, म्हणून सिमेंटचा, वरून रंग. करणार आनेकलचा मुनिवेंकटप्पा, जो देवळांच्या गोपुरांवरची चित्रं करतो. बसवंतचा फोटो एकच, तोही बनियनमधला. पण रघुजींकडे कोट आहे असं ऐकलं.

रघुजींनी टाचण्या काढून टाचणीच्या गादीत एकेक करून खोचल्या. एवढा वेळ लावला की प्रदीपकुमारने दोनदा 'सरी' म्हटलं.

"कोट देतो. पण चौथऱ्यावर माझं नाव पाहिजे. 'वेषभूषा मार्गदर्शन: रघुजी, मिलिटरी टेलर.' ग्रॅनाइटमध्ये. छिन्नीने."

"पेंट करू की, अं?"

"रंग उडतो. तुमच्या दुकानातल्या शर्टासारखा."

सुधींद्र हसला. दुकानदार असल्यामुळे त्याला अपमान गिळायची सवय होती. नाव कबूल झालं. मग प्रदीपकुमार म्हणाला, "पण अण्णा, तुम्ही एकदा आनेकलला येऊन त्याला समजावून सांगितलं तर? मार्केटातून बस आहे, दीड तास..."

"मी? दीड तास कोंबड्यांबरोबर बसून, देवळावर राक्षस चिकटवणाऱ्याला कोट शिकवू? मुनि-वेंक-टप्पा! नावालाच तीन जोड." रघुजींनी धोतराचं गाठोडं खुंटीवरून उतरवलं आणि न सोडता त्याच्या हातात दिलं. "त्याला एवढंच सांग. आहे तसा कर. स्वतःचं डोकं चालवू नको. एक टाका इकडचा तिकडे झाला तर मी पुतळ्याचा हात उसवीन."

कोट आधी उलगडून सरळ करायचा असतो, हे जगात कुणाला सांगावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. सांगायचं सुचलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. डॉक्टर रोग्याला तोंड कुठे आहे ते सांगतो का?

जुलैत प्रदीपकुमार आनेकलहून निरोप घेऊन आला. "मुनिवेंकटप्पा विचारतो, शिवणी सगळ्या वर कशा दिसतात?"

"दिसणारच. कोट आहे, चिखलाचा गोळा नव्हे."

पंधरा दिवसांनी पुन्हा आला. "तो म्हणतो, अण्णांनी एकदा येऊन बघून जावं. त्याला शंका आहे, बटणांच्या जागी..."

"एकदा सांगितलं ना!" रघुजी कापड बेतत होते. कात्री कच्च कच्च चालली होती. "आहे तसं! शंका कसली? मारुतीला शेपूट किती फूट, ह्याची शंका काढ म्हणावं. कोटात त्याने पडू नये."

"सरी, सरी."

आतून सुनंदाबाई म्हणाल्या, "एवढं बोलावतोय तर जा की एकदा."

"तू पोलकी शिव."

मंगळवारी दुपारी पुतळा लॉरीतून आला. साखळ्यांनी चढवून चौथऱ्यावर उभा केला, बांबूची परांची बांधली, वरून गोणपाट टाकलं. अनावरणाला पाच दिवस होते. रघुजी इस्त्री केलेला शर्ट घालून सर्कलवर गेले. पुतळ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आधी चौथऱ्याला प्रदक्षिणा घातली. मागच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, अक्षरं होती. अर्धा इंच खोल. 'र'वरची धूळ त्यांनी बोटाने पुसली. मग परांचीच्या दोन पायऱ्या चढून गोणपाट उचललं.

आधी दिसले बूट. बुटांच्या नाकावर आठ पाकळ्यांचं कमळ. "शाबास," रघुजी म्हणाले. "चालताना चिखल उडू नये म्हणून." पोटऱ्यांवर पट्ट्या, त्या पायात तोडे घालावेत तशा गोल. कमरेला पट्टा, पट्ट्याच्या बक्कलवर सिंहाचं तोंड, आणि त्याची जीभ बाहेर. रायफल होती, पण ती हातात गदेसारखी खांद्यावर टेकलेली. बसवंत हयातभर काडीसारखा. ह्याला मांड्या अशा, की बाजूला दुसरा एक करून उभा केला असता तर देवळाच्या दारात द्वारपाल म्हणून खपले असते. वर गोणपाटाच्या भोकातून दिसणारे डोळे वटारलेले, मिशा वर वळून जवळजवळ कानात गेलेल्या. बसवंतला मिशी फुटायची म्हणून फुटली होती, दिसत नव्हती. रघुजींना हे सगळं पाहताना इतका आनंद झाला की गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. एवढी मोठी चूक एवढ्या जवळून बघायला मिळणं काही रोजचं नव्हतं.

मग त्यांनी गोणपाट आणखी वर सारलं आणि कोट दिसला.

कोट उलटा होता.

बटणं नव्हती. बटणांच्या मागे अडकवायच्या पितळी कड्या होत्या, एकाखाली एक, किल्ल्या अडकवायला ठेवाव्यात तशा. शिवणी बाहेर, त्यांच्या दोन्ही कडांचे दोरे सुटलेले, आणि सुटलेला प्रत्येक दोरा सिमेंटमध्ये कोरलेला. खांद्यांवर कापसाच्या गाद्या उघड्या, त्यांच्यावर फुलीचे कच्चे टाके. छातीवर कॅनव्हास. खडूच्या रेघा पांढऱ्या ऑइल पेंटने काढलेल्या, आणि रघुजींच्या हातचा आकडा: ३६½. कोट उलटा म्हणजे डावं ते उजवं. पदकांच्या जागेसाठी आतून केलेली खडूची फुली उजव्या छातीवर आली होती, म्हणून बसवंतची दोन पदकंही उजव्या छातीवर. पलटणीत उजव्या छातीवर पदकं लावतात ती मेलेल्या जवानाची विधवा किंवा आई. बसवंत चौकात बारा फूट उंच उभा होता तो स्वतःचीच विधवा होऊन.

आणि पदकांच्या खाली आतला खिसा. तांबडा. त्यावर पिवळी बारीक बुट्टी, एकेक वेगळी रंगवलेली.

रघुजींच्या ओठांत त्या दिवशी टाचण्या नव्हत्या हे बरं झालं, गिळल्या असत्या.

"नमस्कार स्वामी," खालून कुणीतरी म्हणालं. मुनिवेंकटप्पा. हातात रंगाचा डबा, कानामागे ब्रश, लुंगी गुडघ्यावर. पुढचं सगळं बोलणं कन्नडमधून झालं. मराठीत आणताना फक्त शिव्या गाळल्या आहेत.

"हे काय केलंस?"

"तुमचा कोट, स्वामी."

"उलटा आहे तो!"

"हौदु." होय. मुनिवेंकटप्पा डबा खाली ठेवून म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी वाटलं. माझा जावई लग्नात कोट घालून होता, त्याचा असा नव्हता. मी विचारलं, शिवणी वर कशा? तुम्ही म्हणालात, दिसणारच. मी म्हटलं, येऊन बघा. तुम्ही म्हणालात, मारुतीच्या शेपटीत पड. मी म्हटलं, मिलिटरीत असाच घालत असतील. युद्धात घाई असते."

"तुला डोळे नाहीत?"

"आहेत की. मोजून घ्या." त्याने ब्रशच्या दांड्याने खांद्याकडे दाखवलं. "उजव्या गादीवर एकवीस फुल्या. अठरावी तुमची निसटली होती. मी पण निसटवली."

रघुजींनी मोजल्या. एकवीस. अठरावी निसटली होती. बत्तीस वर्षं ती त्यांना स्वतःलाच दिसली नव्हती. बेंगळुरात त्यांना माहीत असलेल्या एकाही शिंप्याचा डोळा इतका तेज नव्हता, आणि तो डोळा निघाला तोही राक्षस चिकटवणाऱ्याचा. त्यांना ह्याचा फार राग आला.

"हे फोडून सरळ कर."

"आत लोखंड आहे, स्वामी. छाती फोडली तर मुंडकं येईल हातात. तुम्ही म्हणत असाल तर करतो. मग त्या मुंडक्याला तुमचं नाव घाला."

संध्याकाळी रघुजी सुधींद्रच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानाची पायरी चढले, आणि वर हँगरला लटकलेल्या शर्टांकडे न बघता थेट गल्ल्यापाशी.

"कोट उलटा झालाय. चौथऱ्यावरचं माझं नाव काढा."

"उलटा?" सुधींद्रने भुवया उडवल्या. "मी दुपारीच पाहिला की. फर्स्ट क्लास आहे. हात दोन आहेत, कॉलर आहे, अं?"

"शिवणी बाहेर आहेत."

"डिझाईन असेल ते. ॲक्च्युअली आजकाल असंच चालतं, अं? कार्डं छापली. माजी मंत्री येणार. आता नाव कसं काढणार? गवंडी म्हणतो, अक्षरं खोल आहेत, सिमेंट भरलं तर पांढरं दिसेल, जास्तच वाचता येईल. तुम्हीच म्हणालात ना, छिन्नीने, अं?"

छाती अडतीस, पोट सेहेचाळीस, आणि कपडे विकणाऱ्या ह्या माणसाला कोटाची आत-बाहेर कळत नव्हती. रघुजी परत आले ते तोंडातल्या तोंडात माप घेत.

रात्री जेवताना त्यांनी सगळं सांगितलं, फक्त खिसा सोडून. पण सुनंदाबाई दुपारी भाजी आणायला सर्कलवरून गेल्या होत्या, आणि वाऱ्याने गोणपाट उडत होतं.

"खिसा तांबडा आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "पिवळ्या बुट्टीचा."

"असेल."

"कावेरीचा खण."

रघुजींनी आमटीत भाकरी कुस्करली. बरीच बारीक कुस्करली.

कावेरी म्हणजे बसवंतची धाकटी बहीण. पासष्टच्याच उन्हाळ्यात तिने सुनंदाबाईंकडे पोलक्यासाठी खण टाकला होता, बसवंतने हवालदारीच्या पहिल्या पगारातून आणलेला. पोलकं झालं ते बाह्या दंडावर चढलेल्या, पाठीला दुसऱ्याच कापडाचा जोड. रघुजी तेव्हा म्हणाले होते, उंदराने कुरतडला असेल. उंदीर रघुजीच होते. मिलिटरी कापड मोजून मिळे. आतल्या खिशाला लागणारा वीतभर तुकडा ते बायकोच्या टोपलीतून उचलत, आणि ते कुणाला कधी दिसत नसे, कारण आतलं कोण बघतो? कावेरीने मात्र पुरी बत्तीस वर्षं, प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला, सांगितलं होतं: "सुनंदाकडे खण टाकू नका गं बायांनो, तिला कापता येत नाही."

"रविवारी कावेरी पहिल्या रांगेत असणार," सुनंदाबाई ताटं उचलत म्हणाल्या. "तिचे डोळे अजून चांगले आहेत."

रविवारी सर्कलवर मांडव होता, खुर्च्या होत्या, तोच बँड होता लाल कोटांत. माजी मंत्री आले. त्यांनी दोरी ओढली. कापड खाली आलं आणि मिशीत अडकलं. प्रदीपकुमार 'सरी, सरी' म्हणत लांब बांबू घेऊन आला आणि हवालदार बसवंतच्या नाकात दोनतीनदा ढोसून ते सोडवलं. टाळ्या झाल्या. मागून एक पोरगी मोठ्याने म्हणाली, "अय्यो, ह्याने कोट उलटा घातलाय!" तिच्या आईने तिला गप्प केलं. म्हणजे अख्ख्या चौकात कोट कळणारी ती एकटी, तिला चिमटा बसला.

माजी मंत्र्यांनी अध्यक्षांच्या कानात काहीतरी विचारलं. सुधींद्र एक क्षण पुतळ्याकडे बघत राहिला. आणि मग रघुजींनी पाहिलं, की ह्या माणसाला कपड्यातलं कळत नसलं तरी विकण्यातलं सगळं कळतं. तो माइकपाशी गेला.

"ॲक्च्युअली, आता साहेबांनी विचारलं, कोट असा का? फार खोल मीनिंग आहे, अं? वीराने आपलं अंतरंग देशासमोर उघडं केलंय! आत एक बाहेर एक, असं नाही! आणि ही कल्पना आहे आपल्या समाजाचे ज्येष्ठ, आपले रघुजीअण्णा..."

टाळ्या. तेवढ्यात पहिल्या रांगेत कावेरी उठून उभी राहिली. पन्नाशी उलटलेली बारीक बाई, हातात पर्स घट्ट. ती चौथऱ्यापर्यंत गेली, मान वर केली आणि म्हणाली, "हा माझा खण."

माइक नव्हता, पण ऐकू गेलं.

"माझा खण. दादाने आणलेला. त्याच्या छातीवर."

सुधींद्रचा आवाज चढला. "बघा! बहिणीची माया भावाच्या काळजाशी! हे पण आपल्या रघुजीअण्णांनी... अण्णा, या, या वर. दोन शब्द बोला, अं?"

रघुजी मंचावर गेले. सोपं होतं. नुसता नमस्कार केला असता तरी भागलं असतं. उलटा कोट थोर ठरला होता, चोरलेला तुकडा माया ठरला होता, आणि ग्रॅनाइटमधलं नाव जास्तच चकाकलं असतं. समोर बायकांच्या रांगेत सुनंदाबाई बसल्या होत्या. त्या रागावलेल्याही नव्हत्या. शेजारणीच्या पोलक्याची बाही बोटाने चाचपून बघत होत्या. रघुजींकडून त्यांची काही अपेक्षाच नव्हती.

आणि शेजारी सुधींद्र उभा होता, कौतुकाने भुवया उडवत. ह्या माणसाने आपली स्तुती करावी! तयार कपडे विकणाऱ्याने! रघुजींना कुणी तोंडावर चोर म्हटलं असतं तरी इतकं झोंबलं नसतं. त्यांनी माइक ओढून घेतला. तो किंचाळला.

"कोट उलटा आहे," ते म्हणाले. "अंतरंग बिंतरंग काही नाही. मी शिंप्याच्या रीतीने उलटा ठेवला होता, त्याने तसा केला. त्याने दोनदा बोलावलं, मी गेलो नाही, कारण मला लाज वाटली आनेकलला जायची. आणि खण मी चोरला. सुनंदाला कापता येतं. चांगलं येतं. तुकडा मी चोरला, तिचं नाव खराब झालं."

बाजूने एक ऑटो फटफट करत गेला.

मग सुधींद्रने माइक परत घेतला. "काय हा विनय, अं? एवढा मोठा कलाकार, आणि स्वतःला चोर म्हणवून घेतो! टाळ्या!"

कडकडून टाळ्या झाल्या. माजी मंत्र्यांनी रघुजींच्या गळ्यात हार घातला. बँडवाल्याने ट्रंपेट वर केली. बाही आखूड पडली आणि सूरही. रघुजी हारातून चारशे माणसांकडे बघत राहिले. कुणाचंच माप घ्यावंसं वाटेना. सगळ्यांना एकच साइज लागला असता.

चौकाचं नाव हवालदार बसवंत सर्कल असं ठेवलं होतं, निळ्या पाटीवर तसं लिहिलंही. पण सोमवारी सकाळी बसचा कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "उल्टा कोट! उल्टा कोट इळीरी!" आणि माणसं उतरली सुद्धा.

त्याच सोमवारी कावेरी दुकानात आली. रघुजींनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"रघुअण्णा, काल तुम्ही विनयाने बोलला नव्हतात."

"नव्हतो."

"खरंच चोरलात."

"वीतभर."

"बाहीला वीतभरच कमी पडलं होतं." ती आतल्या दाराशी गेली. मशीन चालू होतं. "सुनंदा, गं. मी बत्तीस वर्षं तुला नावं ठेवली."

"ठेवलीस की," मशीन म्हणालं, म्हणजे मशीनमागून सुनंदाबाई. "माझी निम्मी गिऱ्हाइकं नेलीस त्या टेलर रूपश्रीकडे. ये, कॉफी घे."

"आधी कोट दे म्हणावं ह्यांना. दादाचा आहे."

मुनिवेंकटप्पाने कोट आदल्याच दिवशी परत केला होता, त्याच धोतरात, त्याच घडीचा. रघुजींनी गाठ सोडली. घ्यायला येणारं माणूस शेवटी आलं होतं. आता उस्तादाची आण राहिली नव्हती. त्यांनी दोन्ही हात बाह्यांत घातले आणि बत्तीस वर्षांनी कोट सरळ केला. हिरवा रंग काल रंगवल्यासारखा. खांदे ताठ. आणि कॉलर, ती कॉलर, मानेला चिमटा न घेता बसणारी, कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते न दाखवणारी. त्यांनी कोट दोन बोटांवर धरून दाराच्या उजेडात नेला.

"बघ, कावेरी."

कावेरीने चष्मा लावला. कोटावरून वरून खाली एकदा नजर फिरवली, जशी माणसं पाटीवरच्या जाहिरातीवरून फिरवतात.

"हे नको," ती म्हणाली. "आतलं दाखवा."

रघुजींनी कोट पुन्हा उलटा केला. तिने तांबड्या खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. "असाच राहू दे. अस्तरबिस्तर लावू नका. मी कपाटात असाच टांगणार." मग कोट छातीशी धरून ती आत कॉफी प्यायला गेली.

दुकानात रघुजी आणि आरसा उरले. रघुजींनी सवयीने डावा डोळा बारीक केला, मान अंमळ तिरकी केली, आणि आरशातल्या म्हाताऱ्याला वरून खाली मापलं.

"छाती चौतीस," ते हळूच म्हणाले. "पोट बत्तीस..."

आतलं मशीन थांबलं.

"पुढचं मी सांगू?" सुनंदाबाई म्हणाल्या.